ऑफिसात घरचा केक नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातल्या एका कंपनीत नवी नोकरी, टीममध्ये पंचवीसेक माणसं. बेकिंगची आवड आहे, घरी ओव्हन आहे, म्हणून हौसेने चॉकलेट केक नेलात, वर व्हिप क्रीम आणि चॉकलेट सॉस. संध्याकाळी अर्धा केक तसाच घरी आला. काहींनी तर हातही लावला नाही. दोघींनी मात्र ‘ऑर्डर घेता का?’ असं विचारलं. आता तुम्हाला चार गोष्टी कळायला हव्या आहेत : चव चुकली का, पुन्हा न्यावं का, नेलं तर काय न्यावं, आणि ऑर्डरीचे पैसे घ्यावेत का.

मी बरीच वर्षं बँकेत नोकरी केली. आता ठाण्यात बेकिंगचे वर्ग घेते आणि घरून ऑर्डरीही करते. ऑफिसात खाऊ नेण्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चव चुकलेली नाही, हे केक न खाताही सांगता येतं. चव बिघडलेली असती तर सगळ्यांनी पहिला तुकडा घेतला असता आणि दुसऱ्याला नाही म्हटलं असतं. तुमच्याकडे काहींनी पहिलाच घेतला नाही. त्यांना केकमध्ये काय आहे ते माहीत नव्हतं आणि विचारायचा संकोच वाटला. नवीन आलेल्या माणसाने प्रेमाने केक आणलाय, चारचौघांत ‘अंडं आहे का यात?’ असं विचारणं अवघड जातं. त्यापेक्षा ‘आत्ताच जेवलोय’ म्हणणं सोपं. म्हणून मी माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगते : ऑफिससाठी भाजायचं तर असं भाजा आणि असं मांडा की डबा उघडल्यावर कोणाला काही विचारावं लागणार नाही. बाकीचं सगळं, म्हणजे पदार्थ कोणता, तुकडे केवढे, डबा कधी उघडायचा, त्यातूनच ठरतं.

अंड्यापासून सुरुवात करू. आपल्याकडे ‘अंडं खाणारे’ आणि ‘न खाणारे’ असे दोन सरळ गट नसतात. रविवारी मटण खाणारा माणूस गुरुवारी अंड्याचा केक खाणार नाही. कोणाचा सोमवार असतो, कोणाचा मंगळवार, कोणाचा शनिवार. श्रावण आला की अख्खा महिना बंद, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस, काही घरांत गणपतीचे दिवस. त्यामुळे टीममधल्या वीस जणांना तुम्ही अंडं खाताना पाहिलं असलं, तरी त्या विशिष्ट दिवशी त्यातले दहा जण खाणार नाहीत अशी वेळ सहज येते. ऑफिसात न्यायचं ते बिनअंड्याचंच करायचं, हा माझा नियम आहे आणि तो मोडायचं कारण मला अजून सापडलेलं नाही. अंड्याचा स्पंज उत्तम लागतो, मलाही आवडतो. तो घरच्यांसाठी आणि ज्यांचं खाणंपिणं नीट माहीत आहे अशा चार मित्रांसाठी.

भाजण्याचा दिवस ठरवण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात बघा. एकादशी किंवा संकष्टी असेल तर पाचसहा जणांचा तरी उपास असतो आणि त्यांना मैदा, रवा काहीच चालत नाही. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सुटतो, म्हणजे माणूस घरी पोचल्यावर. अशा दिवशी केक नेलात तर ते बिचारे वासावर राहतात. दिवस बदलता येत नसेल तर टिकणारं काहीतरी न्या आणि त्यांचा वाटा बाजूला काढून ठेवा. रमजान चालू असेल तर रोजा असणाऱ्या सहकाऱ्यालाही हाच न्याय : त्यांच्यासाठी छोटी पुडी बांधून द्या, संध्याकाळी इफ्तारच्या वेळी खातील. आणि नाताळच्या सुमारास फ्रूट केक करणार असाल तर सुकामेवा रममध्ये भिजवायच्या ऐवजी संत्र्याच्या रसात भिजवा. रस गरम करून त्यात मनुका, काळ्या मनुका, चिरलेले खजूर टाका आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दारू न घेणारे फक्त मुसलमानच असतात असं नाही, आणि केकमधली रम सगळी उडून जाते हा समज खरा नाही. भाजल्यावरही काही अंश उरतो.

जैन सहकाऱ्यांबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण इथे चांगल्या मनाचे लोकही फसतात. ‘एगलेस’ म्हणजे जैन नव्हे. गाजराचा केक बिनअंड्याचा केला तरी गाजर कंदमूळ आहे, ते चालत नाही. ओलं आलं चालत नाही, सुंठ बऱ्याच जणांना चालते. मध चालत नाही, त्यामुळे ‘साखरेऐवजी मध घातलाय, पौष्टिक आहे’ असं तुम्ही कौतुकाने सांगता तेव्हा त्यांचा तुकडा तिथेच खाली ठेवला जातो. कडक पाळणारे खमिराचा पाव खात नाहीत. त्याहूनही कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे ‘वासी’ : ओलसर पदार्थ रात्र ओलांडली की खात नाहीत, मग तो फ्रिजमध्ये असला तरी. म्हणजे आदल्या रात्री भाजलेला दह्यातला केक त्यांना चालणार नाही, पण कोरडी नानकटाई किंवा बिस्किट चालू शकतं. आणि सूर्यास्तानंतर न खाणारे असतील तर हिवाळ्यात सहाच्या सुमाराला उघडलेला डबा त्यांच्या उपयोगाचा नाही. आमच्या शाखेत एक जैन बेन होत्या, त्यांनी हे सगळं मला एकदा चहाच्या वेळी शांतपणे समजावून सांगितलं. त्यानंतर जाणवलं की लोक सांगायला तयार असतात, फक्त विचारणाऱ्याने एकट्याला गाठून, सहज विचारावं. सगळ्यांसमोर ‘तुम्हाला काय काय चालत नाही?’ म्हटलं की माणूस ‘सगळं चालतं’ म्हणतो आणि मग खात नाही.

बाजारातून आणलेल्या सजावटीच्या गोष्टींत जिलेटिन असू शकतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. बऱ्याच मार्शमेलोत आणि जेलीच्या गोळ्यांत ते असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या. सेट करायला चायना ग्रास वापरता येतं, ते समुद्री शेवाळापासून होतं.

आता जिथे आवडीनिवडीचा प्रश्न नसून थेट तब्येतीचा आहे ते. शेंगदाण्याची आणि सुक्या मेव्याची अॅलर्जी आपल्याकडे नसतेच, असं अजूनही लोक म्हणतात. असते. आणि मराठी स्वयंपाकघरात शेंगदाणा कुठे नसतो? ज्या मिक्सरच्या भांड्यात सकाळी दाण्याचं कूट केलं, त्यातच संध्याकाळी पिठीसाखर दळली, तर केकमध्ये दाणा न घालताही तो पोचला. भांडं नुसतं पुसून चालत नाही, पातं काढून साबणाने धुवा. ग्लुटेनचंही, म्हणजे गव्हा-जवातल्या प्रथिनाचंही, तसंच. सिलिअॅक (ग्लुटेन न सोसणारा आजार) असलेल्या माणसाला गहू, मैदा, रवा, जव काहीच चालत नाही. नाचणी, ज्वारी, बाजरी, तांदूळ चालतात. म्हणून कोणी प्रेमाने नाचणीची बिस्किटं करतं. पण ती नाचणी दळली कुठे? कोपऱ्यावरच्या गिरणीत, गव्हाच्या मागोमाग, त्याच जात्यात. सिलिअॅकच्या रुग्णाला तेवढा गहूही त्रास देतो. अशा सहकाऱ्यासाठी करायचंच असेल तर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं बंद पाकीट आणा, भांडी वेगळी घ्या, आणि एवढं जमणार नसेल तर त्यांना सरळ सांगा की हे तुमच्यासाठी सुरक्षित नाही. ‘थोडंसं खाऊन बघा, काही होत नाही’ हे वाक्य अॅलर्जीच्या बाबतीत कधीही, कोणालाही म्हणू नका.

मधुमेहाबद्दल एकच. गूळ घातला, खजूर घातला म्हणून ‘शुगरवाल्यांना चालेल’ असं सांगू नका. गुळाने आणि खजुरानेही रक्तातली साखर वाढते. तुकडा लहान ठेवा आणि खायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं सांभाळायचं तर केक करायचाच कशाला. सांभाळायचं फार थोडं आहे, सांगायचं जास्त आहे. पोस्टकार्डाच्या आकाराचा पुठ्ठा घ्या आणि ठळक अक्षरात लिहून डब्याला टेकवून ठेवा. माझं कार्ड साधारण असं असायचं : ‘रव्याचा केक. आज सकाळी केला. अंडं नाही. रवा, दही, दूध, साखर, साजूक तूप, वेलची. वर बदाम आहेत. याच ओव्हनमध्ये अंड्याचे केकही होतात.’ शेवटची ओळ लिहायला लोक कचरतात. पण काही घरांत वेगळी भांडी, वेगळा ओव्हन हा खरोखर महत्त्वाचा विषय असतो, आणि तो निर्णय त्यांचा आहे. ती ओळ वाचून एखादा थांबेल, पण बाकीच्यांचा तुमच्यावरचा विश्वास वाढेल. कार्ड ठेवलं की कोणाला तोंड उघडून विचारावं लागत नाही, वाचून पुढे जाणाऱ्याला कारणही द्यावं लागत नाही. तुम्ही पुन्हा नेणार असाल तर इतर काही बदललं नाही तरी चालेल, एवढं कार्ड मात्र ठेवाच.

पदार्थ कोणता न्यावा? क्रीमचा केक नेऊ नका. ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून ताज्या क्रीमचा किंवा कस्टर्डचा पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि उन्हाळ्यात एक तासच. तुमचा घरून ऑफिसपर्यंतचा प्रवास धरा, मग डेस्कवर वाट बघत राहिलेला वेळ धरा; दोन तास कधीच उलटून जातात. ऑफिसच्या फ्रिजमध्ये जागा मिळाली तरी तिथे कोणाची माशाची आमटी असते, कोणाचा चिरलेला कांदा, आणि क्रीम सगळे वास ओढून घेतं. शिवाय क्रीमच्या केकला सुरी, प्लेट, चमचा, पेपर नॅपकिन सगळं लागतं. ज्याच्या हातात काम आहे तो एवढ्या भानगडीत पडत नाही. तुमचा अर्धा केक उरण्यामागे हेही एक कारण असणार.

माझी पहिली शिफारस नानकटाई. आमच्या पिढीतल्या अनेकांनी मे महिन्याच्या सुट्टीत पीठ, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेऊन दिली आहे आणि भट्टीतून भाजलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात घेऊन आले आहेत. त्यामुळे नानकटाई बघितली की तिच्यात काय असतं ते लोकांना माहीत असतं. अंडं नसतं, तूप असतं, वेलची असते. ओळखीचा पदार्थ माणूस बिनधास्त उचलतो. ती कोरडी असते, हाताने खाता येते, डब्यात आठवडाभर सहज टिकते, उपासवाल्यांना दुसऱ्या दिवशीही देता येते.

प्रमाण देते. मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, साजूक तूप १२५ ग्रॅम, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलचीची पूड. सगळं यश तुपात आहे. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ केलेलं घेतलंत तर नानकटाई ट्रेमध्ये पसरून चपटी होते. तूप आणि पिठीसाखर फिकट, हलकी होईपर्यंत फेसा. हाताने फेसलंत तर तळहाताला साखर जाणवेनाशी झाली की थांबा. मग कोरडं सगळं चाळून घाला आणि हलक्या हाताने गोळा करा, मळू नका. मळलं की मैद्याला चिकटपणा येतो आणि खुसखुशीतपणा जातो. गोळा फुटत असेल तर चमचाभर दूध न घालता चमचाभर तूप घाला, दुधाने ती कडक होते. लहान लिंबाएवढे चोवीस गोळे होतील. उन्हाळ्यात ट्रे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग भाजा. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढताना त्या मऊच लागतील आणि तुम्हाला वाटेल कच्च्या राहिल्या. बाजू उचलून तळ बघा, फिका सोनेरी झाला असेल तर काढा. ट्रेमध्येच गार होऊ द्या, गरम असताना उचलल्या की तुटतात.

केकच न्यायचा असेल तर रव्याचा. २५० ग्रॅम बारीक रवा, २५० ग्रॅम ताजं दही, २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पातळ केलेलं तूप, हे एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. रवा दही पिऊन फुगतो आणि मिश्रण घट्ट होतं. त्यात लागेल तसं १०० ते १२० मिली दूध घालून सैल करा. ओव्हन १८० अंशांवर तापलेला असेल तेव्हाच एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घाला, कारण सोडा आणि दह्याची आंबट ओल एकत्र आली की वायू तयार व्हायला लगेच सुरुवात होते. सोडा घालून मग ओव्हन तापवत बसलात तर तो वायू भांड्यातच निघून जातो आणि केक बसतो. बिनअंड्याचे केक बसण्याचं माझ्या वर्गात सर्वांत जास्त दिसणारं कारण हेच. ८ इंची चौकोनी ट्रेमध्ये ३५ ते ४० मिनिटं. हा केक आदल्या रात्री केला तरी सकाळी जास्त मुरलेला लागतो. टीममध्ये कडक पाळणारे जैन असतील तर सकाळी करा. गोव्याकडे ख्रिस्ती घरांत नाताळला रवा आणि ओल्या नारळाची ‘बात’ करतात, तीही अप्रतिम, पण पारंपरिक बातीत अंडी असतात आणि ओल्या नारळामुळे उकाड्यात ती लवकर खराब होते. ती घरीच खा.

जास्त पिकलेल्या केळ्यांचा केकही चांगला, दुसऱ्या दिवशी आणखी चांगला. ब्राउनी चालते, मात्र वरून सॉस ओतू नका.

कुठलाही केक पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते खाली ठिबकतं आणि केक चिकट होतो; पावसाळ्यात तर एका दिवसात बुरशी धरते. रात्री उशीर झाला तर जाळीवर पातळ सुती कापड टाकून ठेवा आणि सकाळी भरा. पावसाळ्यात बिस्किटं, नानकटाई सादळतात. सादळली तर १५० अंशांवर पाचसहा मिनिटं ठेवून पूर्ण गार करा आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पुन्हा खुसखुशीत होतात. लोकलने किंवा बसने जाणाऱ्यांनी उंच केक करूच नये. सपाट ट्रेमधला केक, कापून, थरांमध्ये बटर पेपर घालून स्टीलच्या डब्यात बसवला की गर्दीतही हलत नाही. तुकडे डब्यात घट्ट बसले पाहिजेत, मोकळी जागा राहिली तर कागद चुरगाळून भरा.

तुकडे घरीच कापा आणि लहान कापा. ऑफिसात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘अर्धाच दे’. मोठा तुकडा ठेवलात की लोक हाताने अर्धा मोडतात, उरलेला अर्धा तसाच पडून राहतो आणि मोडलेल्या अर्ध्याला पुढचा कोणी हात लावत नाही. ८ इंची ट्रेमध्ये पाच आडव्या, पाच उभ्या रांगा कापल्या की पंचवीस तुकडे होतात, प्रत्येक दोन घासांचा. ज्याला जास्त हवा तो दोन घेईल. पण तुमच्या टीमला पंचवीस पुरणार नाहीत, कारण मोजायची माणसं पंचवीस नाहीत.

हाउसकीपिंगच्या मावशी, पँट्रीतला मुलगा, दारावरचे सिक्युरिटीवाले काका, त्या मजल्यावर रोज येणारा कुरिअरवाला, ही सगळी माणसं तुमचा डबा उघडलेला बघतात. बहुतेक ऑफिसांत त्यांच्या वाट्याला संध्याकाळी उरलेलं येतं, तेही ‘मावशी, हे घेऊन जा, नाहीतर टाकावं लागेल’ अशा शब्दांत. मला हे कधीच सहन झालं नाही. ज्या मावशी तुमच्या डेस्कवरचे केकचे कण पुसणार आहेत, त्यांना पहिला ताजा तुकडा द्यायला हवा, आणि तोही डबा त्यांच्यापुढे धरून, त्यांना स्वतःला निवडू देऊन. त्यांनाही विचारा, उपास आहे का, काही चालत नाही का. बऱ्याच मावश्या स्वतः न खाता नातवासाठी पदरात बांधून नेतात. त्यासाठी चार कागदी पुड्या डब्यासोबत ठेवल्या तर त्यांना पदर मळवावा लागत नाही. म्हणून हिशोब तिशीच्या पुढे धरा. ९ बाय १३ इंची ट्रेमध्ये सहा आडव्या, सहा उभ्या रांगा म्हणजे ३६ तुकडे. वर दिलेल्या रव्याच्या केकचं साहित्य दुपटीपेक्षा थोडं कमी लागेल.

डबा घेऊन डेस्कोडेस्की फिरू नका. पेढ्यांची गोष्ट वेगळी. कोणाला मुलगी झाली, कोणी घर घेतलं, प्रमोशन झालं, की पेढ्याचा बॉक्स फिरतो आणि पेढा नाकारणं म्हणजे आनंदात सामील न होणं, म्हणून डाएटवालाही घेतो आणि ड्रॉवरमध्ये ठेवतो. बिनाकारणाच्या केकला तो दबाव नको. पँट्रीत किंवा एखाद्या मोकळ्या टेबलावर डबा ठेवा, कार्ड ठेवा, नॅपकिन ठेवा, उचलायला चिमटा ठेवा, आणि टीमच्या ग्रुपवर एक ओळ टाका : ‘पँट्रीत रव्याचा केक ठेवलाय, अंडं नाही, बदाम आहेत.’ वेळ दुपारी चारची, चहाच्या आधी. सकाळी दहाला लोक नाश्ता करून आलेले असतात, जेवणानंतर लगेच ठेवलंत तर सुस्तीत दोन घास जास्त नको वाटतात. आणि ठेवल्यावर तिथे उभं राहू नका. कोण खातंय, कोण नाही हे बघत उभं राहिलं की लोक तुमच्यासाठी खातात. ‘आवडला का?’ असंही विचारू नका. आवडला असेल तर कृती विचारायला कोणीतरी येतंच.

किती वेळा न्यावं? महिन्यातून एकदा पुरे. आपल्याकडे रिकामा डबा परत न देण्याची रीत आहे, ती ऑफिसातही लोकांच्या मनात असते. तुम्ही दर आठवड्याला नेऊ लागलात की ज्यांना घरी काही करायला वेळ नाही, जमत नाही, किंवा परवडत नाही, त्यांना ओझं वाटू लागतं. दुसरं, आणि हे विशेषतः बायकांना सांगते : सतत खाऊ आणणारी म्हणून एकदा ओळख झाली की वाढदिवसाचा केक, निरोप समारंभाचा केक, क्लायंट आले की काहीतरी, हे सगळं न विचारता तुमच्या अंगावर येतं, आणि त्या वेळात जे काम तुम्ही ऑफिसात करता त्याची कोणी दखल घेत नाही. मी हे अनेक हुशार मुलींच्या बाबतीत होताना पाहिलं आहे आणि मला त्याचा राग येतो. तुम्हाला वाटेल तेव्हा न्या, मागितलं म्हणून नेऊ नका. ‘या महिन्यात जमणार नाही’ एवढं पुरतं, कारण द्यायची गरज नाही. आणि वार्षिक मूल्यमापनाच्या दिवसांत साहेबांच्या केबिनमध्ये वेगळा डबा नेऊ नका. साहेबांनीही पँट्रीत येऊन सगळ्यांबरोबर घ्यावा.

आता ऑर्डरीचं. दोघींनी विचारलं ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिथल्या तिथे हो म्हणू नका. वाटायचा डबा आणि विकायचा केक यांची सरमिसळ झाली की पुढच्या वेळी तुम्ही पँट्रीत काही ठेवलंत तर लोकांना ती जाहिरात वाटते. आधी तुमच्या नेमणुकीच्या पत्रात दुसरा व्यवसाय करण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. पुष्कळ कंपन्या परवानगी घ्यायला सांगतात. विक्री सुरू झाली की अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. घरगुती पातळीवर करणाऱ्यांना एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाची) नोंदणी घ्यावी लागते, अर्ज त्यांच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो, आणि मिळणारा १४ अंकी क्रमांक बॉक्सवर छापावा लागतो. बॉक्सवर घटक लिहा, केल्याची तारीख लिहा. भारतीय लेबलच्या नियमांत अंडं मांसाहारी धरलं जातं, त्यामुळे अंड्याच्या केकवर हिरवा ठिपका लावता येत नाही.

किंमत ठरवताना साहित्य, वीज, बॉक्स आणि तुमचा वेळ हे चारही धरा. वेळ न धरणं हीच घरून करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक असते. तीन तास राबून हातात साहित्याचा खर्चच पडतो. सहकाऱ्यांसाठी वेगळी आणि बाहेरच्यांसाठी वेगळी किंमत ठेवू नका, नाहीतर प्रत्येक ओळखीचा माणूस सवलत मागतो आणि नाही म्हणताना संबंध बिघडतात. केक ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या टेबलावर हातात देऊ नका. संध्याकाळी खाली गेटवर किंवा घरून घेऊन जायला सांगा. पैसे आगाऊ घ्या. नोंदणी हातात येईपर्यंत मात्र एक रुपयाही घेऊ नका. त्या दोघींना तसंच सांगा आणि त्यांच्या तारखा विचारून ठेवा. ज्यांना खरोखर तुमचाच केक हवा आहे, त्या थांबतील.